सरवदे चावीवाल्याची अकरा चित्रं

रावसाहेब सरवदेनं त्याचं पहिलं चित्र माझ्या दुकानात आणलं, तेव्हा ते ओलं होतं. मी सरळ हातात घेतलं आणि बाहीला कोपरापर्यंत पिवळा रंग फासला गेला. तो म्हणाला, "अजून आठ दिवस वाळायचं न्हाय ते, गौसभाई."

"मग आठ दिवसांनी आण की."

"दम निघंना."

विजापूर वेशीत माझं फ्रेमचं दुकान आहे. वडलांनी, म्हणजे अल्लाउद्दीन यांनी सुरू केलेलं. मक्का-मदिना, बाबासाहेब, सिद्धेश्वर, लग्नाचे जोडफोटो, वारलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो, सगळे माझ्याकडून काचेत जातात. हातानं काढलेलं चित्र वर्षाकाठी एखादं आलं तर आलं. रावसाहेबानं मात्र पुढच्या बारा वर्षांत दीडशेच्या वर चित्रं आणली. त्यातली अकरा खरी होती. त्या अकरांविषयीच सांगायचं आहे, पण आधी माणूस सांगतो.

रावसाहेब महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाला. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, उन्हाळ्यात पाच-सहा दिवस लागतात. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून व्हॉल्व्ह फिरवणारा जो माणूस, तो चावीवाला. त्याच्या सायकलची घंटा वाजली की गल्लीतल्या बाया घागरी घेऊन बाहेर येतात आणि पहिल्यांदा त्याला शिव्या घालतात. "परवा आमाला अर्धा तास कमी सोडलंस." रावसाहेब मान खाली घालून ऐकायचा. बुटका, खांद्यानं रुंद, कमी बोलणारा माणूस. बुधवार पेठेत दोन खोल्या, बायको चांगुणा, मुलगी मनाली. चांगुणा पालिकेच्या शाळेत दोनशे पोरांची खिचडी शिजवायची.

चित्रांचं खूळ त्याला मुंबईत लागलं. दरवर्षी सहा डिसेंबरला तो दादरला जायचा. एका वर्षी परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून फोर्टात फिरत होता. लघवीला जागा सापडेना, तेव्हा एका मोठ्या इमारतीत शिरला. तिथं चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं, तिकीट नव्हतं. भिंतीएवढ्या कापडावर नुसते काळे फटकारे, आणि सूटबूट घातलेली माणसं त्यांच्यापुढं गप्प उभी. रावसाहेब मला म्हणाला होता, "लघवी इसरलो, गौसभाई. म्हटलं, हे रेघोट्या मारून एवढ्या लोकास्नी गप करतंय. आणि मी पाणी देऊन शिव्या खातोय."

सोलापुरात आल्यावर त्यानं रंग घेतले. मंगळवार बाजारात रद्दीवाल्याकडं मोठ्या चित्रकारांची जाडजूड पुस्तकं शोधली. पुढं मोबाइल आला, तसं सगळं जगच हाताशी आलं. एका चित्रकाराचा एक हंगाम, अशी त्याची पद्धत. व्हॅन गॉगच्या हंगामात त्यानं गवंड्याची करणी आणली आणि रंग गिलाव्यासारखा थापला. माझ्या बाहीला लागला तो तोच. पिकासोच्या हंगामात शेजारच्या बाळाबाईला दारात बसवलं आणि तिचे दोन्ही डोळे एकाच गालावर काढले. तिनं चित्र पाहिलं आणि गल्ली गोळा केली. "मी काय अशी हाय का रं मुडद्या?" सहा महिने बोलत नव्हती.

मग मोने, जुना फ्रेंच चित्रकार. एकच गवताची गंज त्यानं वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा काढली, हे रावसाहेबानं कुठंतरी वाचलं. चांगुणाचं माहेर मंद्रूपला. तिचा भाऊ प्रदीप याच्या रानात कडब्याची गंज होती. रावसाहेब ओळीनं चार रविवार तिथं जाऊन बसला. शेवटच्या रविवारी प्रदीप गंज मोडायला आला, तर हा आडवा झाला. "आजच्या दिवस ऱ्हाऊ दे. संध्याकाळचा उजेड हवा हाय मला." दावणीची जनावरं दिवसभर हंबरत राहिली. दाजींना नाही कसं म्हणायचं म्हणून प्रदीप तसाच परत गेला. पुढं रावसाहेब मला म्हणाला, ते हंबरणं त्याला ऐकूच आलं नाही. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

एक अमेरिकन चित्रकार कापड जमिनीवर टाकून वरून रंग ओततो, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं तेव्हा तर कहर झाला. बाहेरच्या खोलीत त्यानं डबेच्या डबे ओतले. कापडावर कमी आणि फरशीवर, गादीवर, चांगुणाच्या लुगड्याच्या घडीवर जास्त. ती शाळेतून आली. दोनशे पोरांची भांडी घासून आलेली बाई गुडघ्यावर बसून रॉकेलच्या चिंधीनं फरशी घासायला लागली. मी फ्रेमचं माप घ्यायला गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. रावसाहेब तिच्या डोक्यावर उभा राहून सांगत होता, "तितलं पुसू नको. तितं चांगलं पडलंय."

ती वर बघून हसली. मला म्हणाली, "बघा गौसभाई, ह्यांचं. चहा टाकू का?"

चांगुणा अशी होती. त्याचं चित्र तिला कळत नसे, पण आलेल्या-गेलेल्याला ती अभिमानानं दाखवायची. दाताला मिश्री लावलेली, भरल्या गालाची, मोठ्यांदा हसणारी बाई.

दरवर्षी शहरात हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरतं. ते भरवायचे पृथ्वीराज सर. कलामहाविद्यालयातून निवृत्त झालेले, पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे. रावसाहेबाची दोन चित्रं ते दरवर्षी कोपऱ्यात लावत. एका वर्षी चहाच्या वेळी पंधरा-वीस जण उभे असताना सर म्हणाले, "रावसाहेब, तुमची चित्रं बघितली की मला फार मोठी मोठी माणसं आठवतात. तुम्ही मात्र आठवत नाही." सगळे हसले. रावसाहेबही हसला. सर पुढं म्हणाले, "अहो, तुमच्याजवळ असं काहीच नाही का, जे दुसऱ्या कुणाजवळ नाही?"

ते हसू त्यानं घरी नेलं. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन स्टुलावर बसला, म्हणाला, "माझ्याजवळ काय हाय, गौसभाई?" मी फ्रेमची पट्टी कापत राहिलो.

त्यानंतर दीड वर्षात चांगुणाच्या हिरडीला फोड आला. तिनं लवंग धरली, हळद लावली, मिश्री सोडली नाही. गाल सुजला, तोंड उघडेना, तेव्हा मनाली पुण्याहून आली. ती तिकडं नर्स आहे. आईच्या तोंडात एकदा बॅटरी मारून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं. उजव्या बाजूचा खालचा जबडा काढावा लागला. छातीचं मांस घेऊन गालाला लावलं. बावीस दिवसांनी ती घरी आली, ती नाकात नळी आणि तोंडावर पदर घेऊन.

घरात पाय टाकल्यावर ती मनालीला पहिलं वाक्य बोलली. शब्द नीट येत नव्हते, दोनदा सांगावं लागलं. "आरसा काढ."

मनालीनं फळीवरचा आरसा काढला. कपाटाच्या दाराचा आरसा निघत नव्हता, त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. स्टीलचं ताट आणि पेलेसुद्धा माळ्यावर टाकून प्लॅस्टिकचे आणले. चांगुणानं आपला नवा चेहरा पाहिला नाही आणि पाहायचाही नव्हता. बोटं लावून तिला थोडंफार कळत असेल, तेवढंच. मनालीची रजा संपली, ती बापाला सगळं शिकवून पुण्याला गेली.

आणि इथं रावसाहेबाच्या बाजूनंही सांगितलं पाहिजे. त्यानं तिचं जे केलं, ते भले भले करणार नाहीत. मोठी रजा टाकली. दर दोन तासांनी नळीतून दूध, मुगाचं पाणी. जखम धुणं, लाळ पुसणं, अंघोळ. ती रडायला लागली की पाठीवर हात ठेवून बसून राहायचा. बाळाबाईसुद्धा म्हणायची, "माणूस न्हवं, देव हाय."

त्याच दिवसांत त्यानं तिला काढायला सुरुवात केली. सुरुवातीला ती झोपेत असताना, पेन्सिलनं. मग जागेपणी. रोज सकाळी खिडकीपाशी खुर्ची ठेवायचा, पदर बाजूला घ्यायचा आणि समोर बसायचा.

"काय काढताय?" ती विचारायची.

"तुझे डोळे."

"डोळेच न्हवं?"

"डोळेच. ते हायती तसेच हायती की."

तिनं कधी पालथा कागद उलटून पाहिला नाही. तिचा त्याच्यावर विश्वास होता. आणि तो एवढा वेळ तोंडाकडं बघत बसतो, किळस करत नाही, हेच तिला पुष्कळ वाटत असावं. हे मला तिनं सांगितलेलं नाही, माझा अंदाज आहे.

या वेळी रावसाहेबानं एकही पुस्तक उघडलं नाही. आठ महिन्यांत अकरा चित्रं केली, काही माणसाच्या उंचीची. चांगुणा झोपली की बाहेरच्या खोलीत रंगवायचा, मग भिंतीकडं तोंड करून चादरीखाली ठेवायचा. एका सकाळी चादरीत गुंडाळून ती टेंपोनं दुकानात आणली, एकेक भिंतीला लावली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती बोलायची थांबली.

तिचं सगळं होतं त्यात. आत गेलेला गाल, ओढलेला ओठ, टाक्यांची वेल, लावलेल्या मांसाचा वेगळा रंग, हनुवटीवरून उतरणारी लाळ. एकात तर पेला तोंडाशी नेताना सांडतो ते. आणि वर ते डोळे, समोर बसलेल्या नवऱ्याकडं भाबडेपणानं बघणारे. कुणाची नक्कल नाही, कुठं चुकलेली रेघ नाही. दीडशे चित्रं वाया घालवून तो माणूस चित्र काढायला शिकला होता.

मी विचारलं, "वहिनींनी बघितली?"

"न्हाय."

"दाखव की आधी."

"दाखवतो. परदर्शन होऊ दे."

तेव्हा मी अडवायला हवं होतं. मी काय केलं, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "रावसाहेब, हे मात्र तुझं हाय." त्याचे डोळे भरून आले. मग मी नमुने काढले आणि आम्ही दोघांनी मिळून बारीक काळी पट्टी पसंत केली.

पृथ्वीराज सरांनी या वेळी त्याला कोपरा दिला नाही. अख्खी समोरची भिंत दिली. खाली चिठ्ठ्या लावल्या, चांगुणा एक, चांगुणा दोन, अशा अकरापर्यंत. पहिल्या दिवशी माणसं आत येत आणि त्या भिंतीपाशी गप्प होत. एक बाई रडत बाहेर गेली. सरांनी सगळ्यांदेखत रावसाहेबाला मिठी मारली. तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली, सातव्या चित्राचा फोटो टाकून.

ते वर्तमानपत्र घेऊन बाळाबाई चांगुणाकडं गेली. "अगं, पेपरात तुझं नाव हाय बघ!" चांगुणा चौथीपर्यंत शिकलेली. तिनं नाव वाचलं. फोटो छोटा, काळपट, नीट उमटलेला नव्हता. त्यात दोन डोळे तेवढे कळत होते. तिला आनंद झाला. पेटीतली जांभळी साडी काढली, तोंडावरून पदर घेऊन कानामागं पिन लावली. आठ-नऊ महिन्यांत दवाखान्याशिवाय घराबाहेर न पडलेली बाई एकटी रिक्षा करून प्रदर्शनाला आली.

मी दाराजवळच होतो. जांभळी साडी दिसली. पुढं होऊन म्हणालो, "वहिनी, बाहेर बसू या जरा. चहा मागवतो." तिनं हातानंच थांबा म्हटलं. सगळी माणसं एका भिंतीकडं बघत होती, तिकडं ती गेली.

ती पहिल्या चित्रापुढं उभी राहिली. मग दुसऱ्या. मी शेजारी होतो. ती चित्रातल्या बाईकडं बघत राहिली आणि मला विचारलं, "ही कोन?"

तिनं चित्रातलं हिरवं लुगडं पाहिलं असावं, रोज खिडकीत बसताना ती नेसायची ते. मग तिचा हात पदराच्या आतून हळूहळू गालापर्यंत गेला. चित्रात खड्डा होता तिथं बोट ठेवलं. ओठ ओढला होता तिथं ठेवलं. तिथल्या तिथं, बोटानं, तिनं स्वतःला ताडून पाहिलं.

तेवढ्यात रावसाहेबानं तिला पाहिलं. पाहुणे, सर, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, सगळ्यांच्या मधून तो हसत आला. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. "ही चांगुणा!" त्यानं सगळ्यांना सांगितलं. "माझी मंडळी."

माणसं वळली. चित्राकडं, तिच्याकडं, पुन्हा चित्राकडं बघू लागली. फोटोग्राफर रावसाहेबाला म्हणाला, "सर, मॅडमना चित्राशेजारी उभं करा ना. आणि पदर जरा बाजूला घेतला तर बरं होईल."

चांगुणानं मान हलवली. दोन्ही हातांनी पदर धरला.

पृथ्वीराज सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी तिथंच होतो, दोन हातांवर. आणि रावसाहेब, तिची लाळ पुसणारा, तिला बाळासारखी भरवणारा रावसाहेब, जवळ गेला आणि मायेनं म्हणाला, "काढ की, चांगुणा. समदी आपलीच हायती हितं." त्यानं कानामागची पिन काढली. तिची बोटं एकेक करून सोडवली. पदर खाली घेतला.

फ्लॅश पडला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळ्यावर उतरली. ती पदर ओढायला लागली, पण पदर त्याच्या मुठीत होता.

"थांब, एक अजून घेऊ दे," रावसाहेब म्हणाला.

दुसरा फ्लॅश पडला. मग त्यानं पदर सोडला. ती ओरडली नाही, रडली नाही. तोंड झाकून बाहेर गेली. मी मागं धावलो, तोवर रिक्षा निघाली होती.

पुढचं बाळाबाईनं सांगितलं. घरी येऊन चांगुणानं कपाटावरचं वर्तमानपत्र नखांनी खरवडून काढलं आणि आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ. मग बाळाबाईला म्हणाली, "खोटं काढलं न्हाय त्यांनी." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मंद्रूपला भावाकडं निघून गेली.

रावसाहेबाला वाटलं, चार दिवसांनी येईल. आली नाही. तो दर रविवारी मंद्रूपला जायचा. प्रदीप अंगणात बाज टाकायचा, चहा द्यायचा. आतलं दार बंद. एकदा रावसाहेबानं निरोप पाठवला, "तिला म्हणावं, एकडाव तोंड दाव." प्रदीप आत जाऊन आला. खाली बघून म्हणाला, "ती म्हणती, अजून काय काढायचं ऱ्हायलंय?"

चांगुणाचं दुखणं उलटलं. या वेळी ते गळ्यात उतरलं होतं. मे महिन्यात ती गेली. मी आणि रावसाहेब एकाच गाडीनं मंद्रूपला गेलो. दारात मनाली उभी होती.

"पप्पा, खिसे रिकामे करा."

"अगं…"

"खिसे."

बघायला गाव जमला होता. त्यानं वरच्या खिशातून चष्मा काढला, पाण्याच्या वेळांची वही काढली. तिनं हात तसाच पुढं ठेवला. मग पॅंटच्या खिशातून एक बोटभर पेन्सिल निघाली. मनालीनं ती घेतली आणि बाजूला झाली. चांगुणाचा चेहरा पांढऱ्या कापडानं पुरता झाकलेला होता. तसं तिनंच सांगून ठेवलं होतं. बुद्धवंदना झाली, सगळं झालं, तरी कापड काढलं नाही. रावसाहेब पायाशी बसून राहिला.

येताना गाडीत मी विचारलं, "पेन्सिल कशाला आणली होतीस?"

"सवय हाय," तो म्हणाला. खरं असेल. मला माहीत नाही.

मनाली त्याच्याशी बोलत नाही. तो कामावर जातो, व्हॉल्व्ह फिरवतो. गल्लीतल्या बाया आता त्याला शिव्या देत नाहीत. घागरी भरतात आणि त्याच्याकडं न बघता आत जातात. मध्येमध्ये तो चित्रं आणतो, कंबर तलाव, झाडं, बाजार. पुन्हा कुणाकुणाची नक्कल.

गेल्या वर्षी पृथ्वीराज सरांनी पुण्याच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी ती अकरा चित्रं मागितली. मनालीला कळलं, तिनं मला फोन केला. "काका, नका पाठवू देऊ. माझ्या दवाखान्यातली माणसं बघतील." चित्रं बांधून पाठवायला माझ्याच दुकानात आणून ठेवली होती; टेंपो यायच्या दिवशी मी रावसाहेबाला बोलावून सांगितलं. तो स्टुलावर बसून ऐकत होता.

"तू वहिनींना आधी विचारायला पायजे होतंस," मी शेवटी म्हणालो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

"न्हाय म्हटली असती."

"मग?"

"मग चित्रं झाली नसती."

पाणी किती वाजता सुटणार ते सांगावं, तसं सांगितलं त्यानं. आवाजात राग नव्हता, पश्चात्तापही दिसला नाही. मी रागानं काहीतरी बोलायला गेलो, पण समोर भिंतीला सातवं चित्र टेकवलेलं होतं आणि माझी नजर त्यावर गेली. खरं सांगतो, मला ते त्या क्षणीसुद्धा सुंदर वाटलं.

टेंपो दारात लागला. रावसाहेब उठला, म्हणाला, "कोपऱ्यांना पुठ्ठा लाव, गौसभाई. रस्ता खराब हाय, घासंल."

मी पुठ्ठा कापायला घेतला.